आकडेमोड करणारी परिचारिका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आढेवेढे घेतले. पाककृती माझ्याहून सरस लिहिणाऱ्या आपल्यात चारजणी आहेत, कविता मला जमत नाही, आणि प्रवासवर्णन लिहावे तर पंढरपूर-तुळजापूरच्या पलीकडे माझी मजल नाही. जन्म सगळा शाळेत गणित शिकवण्यात गेला. शेवटी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहिते असे सांगून मी सुटका करून घेतली. पण नाव ऐकल्यावर चिटणीसबाई जरा हिरमुसल्याच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कोणाला ठाऊक नाही? हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी ती देवता आपण सगळ्यांनीच लहानपणी वाचलेली आहे. तिच्यात नवे ते काय सांगणार?

माझी धाकटी जाऊ तीस वर्षे नर्स होती. शिक्षण संपल्यावर त्यांच्या शपथविधीला प्रत्येकीच्या हातात दिवा दिला होता. जाऊबाई गमतीने म्हणत की, दिवा हातात होता तो अर्धा तास, पुढची तीस वर्षे हाताला लागले ते कागद : तापाचे तक्ते, औषधांच्या नोंदी, जन्माची वही, मृत्यूची वही. मला तेव्हा वाटे, ही थट्टाच करते आहे. पुढे नाइटिंगेलबाईंचे चरित्र नीट वाचले आणि कळले की दिव्यापेक्षा ह्या कागदांवरच त्यांचा जीव होता. मी आज लिहिणार आहे ते त्या कागदांविषयी. दिव्याचे एकच सांगून ठेवते. चित्रांत दाखवतात तसा तो समईसारखा किंवा अल्लाउद्दिनाच्या दिव्यासारखा नव्हता. तुर्कस्तानात मिळणारा, घडी होणारा साधा कंदील होता तो.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला, म्हणून तेच नाव ठेवले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या गावाचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. आईवडील इंग्रज, खाऊनपिऊन सुखी नव्हे तर चांगले गडगंज. डर्बीशायरात एक घर, हॅम्पशायरात दुसरे, आणि लंडनचे येणेजाणे. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी मुलींनाच जवळ बसवून लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान सगळे शिकवले. त्या काळी इंग्लंडातही मुलींच्या वाट्याला असे शिक्षण क्वचितच येई.

पण धाकटीला हवे होते गणित. इथे मात्र घरात कुरबूर झाली. लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या मुलीला गणित काय करावयाचे, असा आईचा सवाल. (हा सवाल मी माझ्या नोकरीत किती आयांच्या तोंडून ऐकला असेल त्याची मोजदाद नाही.) मध्ये पडली ती मेरी आत्या. नाते असे की ती वडिलांची बहीण आणि आईच्या भावाची बायको, म्हणजे आत्याही तीच आणि मामीही तीच. त्यामुळे दोन्हीकडून तिचा शब्द चाले. तिच्या खटपटीने फ्लॉरेन्सला शिकवणी मिळाली. एखादीला डोके दुखले की झोप लागते, कोणाला भजन ऐकून शांत वाटते, ह्या मुलीला आकड्यांचे तक्ते वाचून बरे वाटे, असे तिच्या ओळखीची माणसे सांगत.

सोळा वर्षांची असताना, १८३७ च्या फेब्रुवारीत, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री पटली. कोणती सेवा ते कळायला पुढे सात-आठ वर्षे गेली. रोग्यांची शुश्रूषा शिकावयाची असे ठरवून तिने १८४५ साली इस्पितळात जाण्याची परवानगी मागितली तेव्हा घरावर आकाश कोसळले. त्या वेळच्या इंग्लंडात इस्पितळातल्या दाया म्हणजे दारूबाज आणि चारित्र्याने सैल अशीच समजूत होती. चांगल्या घरची मुलगी तिथे पाऊल टाकील ही कल्पनाच कोणाला सोसवेना. आई रडली, बहिणीला फिट्स आल्या, वडील लंडनला निघून गेले. मुलगी घरातच राहिली. दिवसा बैठकीत बसून पाहुण्यांना चहा द्यावयाचा, आणि पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात निरनिराळ्या देशांतल्या इस्पितळांचे अहवाल वाचून त्यांतले आकडे वहीत उतरावयाचे, असा तिचा क्रम काही वर्षे चालला. एक चांगले स्थळ सांगून आले होते, मिल्न्स नावाच्या गृहस्थांचे. मन त्यांच्याकडे ओढत असूनही तिने १८४९ साली नकार दिला. ह्या नकाराविषयी पुस्तकांत पानेच्या पाने लिहिलेली आहेत, मी त्यात शिरत नाही. तिला काय हवे होते ते तिला ठाऊक होते, एवढे पुरे.

१८५१ साली जर्मनीत कैझर्सवर्थ येथे तीन महिने राहून तिने काम शिकून घेतले. मग १८५३ च्या ऑगस्टात लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या इस्पितळाची व्यवस्था तिच्याकडे आली. वय तेहेतीस. इथून पुढे मी तिला बाई म्हणणार आहे, कारण इथून पुढे ती कोणाची मुलगी राहिली नाही.

हार्ले स्ट्रीटवर बाईंनी पहिल्याप्रथम काय केले? रोग्यांच्या उशाशी बसल्या नाहीत. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी पोचले पाहिजे आणि जेवणाची ताटे वर चढवायला पाळणा बसला पाहिजे, अशी मागणी केली. कारण साधे होते. नर्सचे निम्मे आयुष्य जिन्यावर चढण्या-उतरण्यात जाते, मग ती रोग्याजवळ असणार केव्हा? वाण्याची बिले तपासली, मुरंबे दुकानातून आणण्यापेक्षा घरी घालून घेतले तर किती स्वस्त पडतात ते मांडून दाखवले. आपल्यातल्या कोणत्याही नेटक्या गृहिणीला हे लगेच पटेल. पण कमिटीतल्या सरदारणी चकित झाल्या होत्या म्हणतात.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध. इंग्रज आणि फ्रेंच तुर्कांच्या बाजूने रशियाशी लढत होते. जखमी आणि आजारी इंग्रज शिपाई काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपलच्या समोर स्कुटारी येथे आणले जात, आणि तिथे त्यांचे हाल कुत्रे खात नव्हते. लंडनच्या टाइम्स पत्रात बातम्या येऊ लागल्या तसा लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडने हर्बर्ट बाईंच्या चांगल्या ओळखीचे. त्यांनी विनंती केली आणि बाई २१ ऑक्टोबर १८५४ ला अडतीस परिचारिका घेऊन निघाल्या. ४ नोव्हेंबरला स्कुटारीला पोचल्या.

इस्पितळ म्हणजे एक प्रचंड तुर्की बराक. खाटांच्या रांगा एकापुढे एक मांडल्या तर चार मैल होतील एवढ्या. पुसायला फडकी नाहीत, धुवायला साबण नाही, वाट्या-चमचे नाहीत. कोठारात सामान असले तर त्याच्यावर सह्या करणारा साहेब नाही. बाईंजवळ लोकवर्गणीचा पैसा होता. त्यांनी घासण्याचे ब्रश, टॉवेल, सदरे विकत आणले. जवळच एक घर भाड्याने घेऊन त्यात पाणी तापवायचे बंब बसवले आणि शिपायांच्या बायकांना पगार देऊन कपडे धुण्याचे काम दिले. स्वयंपाकघर वेगळे काढले. रात्री कंदील घेऊन फेरी मारली ती ह्याच दिवसांत.

आता जी गोष्ट सांगावयाची ती लहान मुलांच्या पुस्तकात नसते. बाई आल्या आणि मृत्यू कमी झाले, असे आपण समजतो. तसे झाले नाही. बाई आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. त्या एका हिवाळ्यात स्कुटारीला चार हजारांच्या वर शिपाई मेले, आणि त्यांतले बहुतेक जखमांनी नव्हे तर हगवण, कॉलरा आणि तापाने. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२.७ पर्यंत चढले होते. चादरी स्वच्छ होत्या, सूप वेळेवर मिळत होते, बाई वीस-वीस तास उभ्या होत्या, आणि माणसे मरत होती.

का? मार्च महिन्यात विलायतेहून एक आरोग्य-मंडळ आले. त्यात डॉ. सदरलंड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी फरशीखाली पाहिले. इस्पितळाखालची गटारे तुंबून सगळी इमारत जणू मैल्याच्या हौदावर उभी होती. पिण्याच्या पाण्याच्या पाटात मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारे उपसून धुऊन काढली, त्यांना वारा खेळायला वाटा केल्या, पाण्याचा मार्ग साफ केला, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा २.२ वर आले. शुश्रूषेने जे चार महिने साधले नव्हते ते कुदळ-फावड्याने आणि चुन्याने साधले.

बाईंना हे त्या वेळी पूर्ण उमगले नव्हते. अन्न अपुरे, श्रम फार, शिपाई आधीच खंगून येतात, म्हणून मरतात, असे त्यांना वाटत होते. १८५६ च्या ऑगस्टात त्या परत आल्या. स्वागताचे बेत चुकवण्यासाठी प्रवासात मिस स्मिथ हे नाव घेतले आणि स्टेशनापासून घरापर्यंत एकट्याच चालत गेल्या. सगळा देश त्यांची पूजा करत होता. त्यांच्या डोक्यात मात्र मेलेले शिपाई होते. राणी व्हिक्टोरियाची भेट मिळाली तेव्हा त्यांनी मागितले काय, तर चौकशी-मंडळ.

स्कुटारीच्या नोंदी म्हणजे सावळा गोंधळ होता. मृत्यूंची मोजदाद तीन ठिकाणी होई आणि तिन्हींचा मेळ बसत नसे. जन्ममृत्यूच्या नोंदणीखात्यात विल्यम फार नावाचे निष्णात संख्याशास्त्री होते. त्यांच्याबरोबर बसून बाईंनी सगळे आकडे नव्याने मांडले. १८५५ चा जानेवारी महिना घ्या. फौज होती बत्तीस हजारांच्या थोडी वर. त्या एका महिन्यात जखमांनी मेले ८३, इतर कारणांनी ३२४, आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी २,७६१. शाळेत असते तर फळ्यावर करून दाखवले असते. २,७६१ ला बाराने गुणा आणि फौजेच्या संख्येने भागा. उत्तर एकाहून जास्त येते. म्हणजे त्या वेगाने वर्षभर मृत्यू होत राहिले असते तर शत्रूने एक गोळी न झाडता अख्खी फौज नुसत्या रोगांनी संपली असती.

ह्याच आकडेमोडीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. पुढच्या आघाडीवरच्या तंबूंपेक्षा स्कुटारीच्या इस्पितळात माणसे जास्त मेली होती. बाईंचे इस्पितळ, बाईंची देखरेख. १८५७ च्या ऑगस्टात बाई एकाएकी कोसळल्या. क्रिमियात आलेल्या तापाचे दुखणे मागे राहिलेच होते. पण काही चरित्रकारांचे मत असे की, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताखाली माणसे मेली आणि कारण आपल्याला दिसले नाही, हे आकड्यांनी दाखवल्याचा तो धक्का होता. सगळेच हे मानत नाहीत. मी मानते. त्याचे कारण माझे स्वतःचे आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्या बालवाडीची हजेरी आणि वजनाची वही गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. वही नेटकी ठेवते म्हणून माझे कौतुकही होते. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मुले सारखी गैरहजर राहू लागली. मी गैरहजेरीच्या फुल्या मारत गेले. पावसाळ्यात मुले आजारी पडायचीच, असे आपण सगळ्याच म्हणालो. श्रावणात त्यांतला एक मुलगा जुलाबांनी गेला. त्याच्या घरी भेटून आल्यावर रात्री झोप येईना म्हणून मी वही काढली आणि नावांपुढे गल्ली लिहीत गेले. अर्ध्या तासात दिसले की फुल्या जवळजवळ सगळ्या एकाच गल्लीतल्या मुलांपुढे होत्या, आणि त्या गल्लीला नळ एकच होता. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या पाचसहाजणी गेलो. नळाची वाहिनी जिथून येत होती तिथे गटार फुटून पाणी साचले होते. दुरुस्ती करवून घ्यायला किती हेलपाटे पडले ते आता सांगत नाही. नळ दुरुस्त झाला, फुल्या थांबल्या. पण दीड महिना ती वही माझ्याच कपाटात होती. आकडे माझ्याच हातचे होते. मी लिहीत होते, वाचत नव्हते.

तेव्हा बाई अंथरुणाला का खिळल्या ह्याविषयी मला डॉक्टरांचे मत विचारावेसे वाटत नाही.

त्या अंथरुणावरूनच मग त्यांनी उरलेले आयुष्य काम केले. १८५८ साली आठशेवर पानांचा लष्कराच्या आरोग्याचा अहवाल लिहून काढला. मंत्री आणि खासदार आकड्यांचे तक्ते वाचत नाहीत हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी चित्र काढले. एक वर्तुळ, त्याच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. कोन सगळ्यांचा सारखा, पण ज्या महिन्यात मृत्यू जास्त त्या महिन्याची पाकळी मोठी. रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे तांबडे, इतर काळे. आधीच्या एका आकृतीत त्यांनी पाकळीची लांबीच मृत्यूंच्या प्रमाणात घेतली होती. पण लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि पाहणारा फसतो. हे ध्यानात आल्यावर त्यांनी पद्धत बदलली. चौपट मृत्यूंना दुप्पट लांबी, म्हणजे वर्गमूळ. आपल्या बाजूचे चित्र जास्त भयंकर दिसत असताना ते खोटे म्हणून टाकून देणे, ह्याला मी फार मोठे मानते. तशीही ती निळी पाकळी एवढी पसरली होती की तांबडी शोधावी लागे. शांततेच्या काळातही बराकीतले तरुण धट्टेकट्टे शिपाई त्याच वयाच्या नागरिकांच्या साधारण दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी त्यात दाखवले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र-संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. पहिली स्त्री सभासद.

पुढे इस्पितळाच्या इमारती. लांब, एकेरी दालने, समोरासमोर खिडक्या, मध्ये मोकळे अंतर, एका मुख्य नर्सची नजर पोचेल एवढ्याच खाटा, दर खाटेला ठरावीक घनफूट हवा. हे सगळे १८५९ च्या पुस्तकात मापांसकट आहे. मावसबहिणीचा नवरा कॅप्टन डग्लस गाल्टन इंजिनिअर होता, त्याने वुलिच येथे त्या धर्तीवर लष्करी इस्पितळ बांधले. लंडनचे नवे सेंट टॉमस इस्पितळही १८७१ साली तसेच उभे राहिले. युद्धानंतर लोकांनी कृतज्ञतेने पंचेचाळीस हजार पौंडांच्या आसपास निधी जमवला होता. त्यातून त्याच सेंट टॉमस इस्पितळात १८६० साली परिचारिकांची शाळा निघाली. पगार, राहायला खोली, लेखी टिपणे, दरमहा गुणपत्रक. ज्या धंद्याचे नाव काढल्यावर आई रडली होती त्याला पंधरा-वीस वर्षांत अशी प्रतिष्ठा आली की चांगल्या घरच्या मुलींना रांगेत थांबावे लागू लागले.

सगळे मात्र साधले नाही, आणि न साधलेल्या गोष्टींतच बाई मला जास्त जवळच्या वाटतात. १८६१ च्या शिरगणतीत प्रत्येक घरातले आजारी किती आणि घर कसल्या प्रतीचे हे विचारावे म्हणून त्यांनी जंग जंग पछाडले. सरकारने ऐकले नाही. त्याच निधीतून १८६२ साली किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींसाठी शिक्षणाची सोय आणि लहानसे सूतिकागृह काढले. गोरगरीब बायकांना स्वच्छ खाट, शिकलेली सुईण, ह्यापरते चांगले काय? पण सूतिकाज्वराने बाळंतिणी जाऊ लागल्या. १८६७ साली बाईंनी ते बंद केले. आपणच काढलेली संस्था बंद करून त्या गप्प बसल्या नाहीत. चार वर्षे खपून निरनिराळ्या सूतिकागृहांचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक छापले. त्यात आपल्या सूतिकागृहाचा आकडा लपवला नाही : दर हजार बाळंतिणींमागे तिसांच्या वर मृत्यू. इंग्लंडभरचे प्रमाण होते हजारी पाचांच्या आसपास, आणि त्यातल्या बहुसंख्य बायका आपल्या अंधाऱ्या, कोंदट घरातच बाळंत होत. म्हणजे गरिबाचे घर इस्पितळापेक्षा सुरक्षित ठरत होते. आज जंतुनाशके आणि औषधे आल्यावर परिस्थिती उलटी झाली आहे, तेव्हा कोणी ह्यावरून घरी बाळंत होण्याचा हट्ट धरू नये. गोष्ट आहे ती दीडशे वर्षांपूर्वीची.

बाईंचे दोषही सांगितले पाहिजेत. रोगाचे जंतू असतात हे त्यांना बरीच वर्षे पटत नव्हते. घाण आणि दूषित हवाच रोग करते असे त्या मानीत. गटारे साफ करा हा निष्कर्ष बरोबर निघाला, पण कारण अपुरे होते. मते त्यांनी पुढे बदलली, जरा उशिरानेच. माणसांना त्या राबवीत. सिडने हर्बर्ट आजारी असतानाही त्यांना विश्रांती घेऊ देईनात, आणि १८६१ साली ते गेले. जी मेरी आत्या गणितासाठी भांडली आणि आजारपणात घरदार सोडून उशाशी येऊन राहिली, ती १८६० साली आपल्या माणसांत परत गेली तेव्हा बाईंनी राग धरला तो पुष्कळ वर्षे. ज्या आत्येने आपल्याला पाटी दिली तिच्याशी अबोला धरावा, हे मला कधी पटलेले नाही.

हिंदुस्थानात बाई कधी आल्या नाहीत, पण आपल्या देशाचे त्यांनी जेवढे कागद वाचले तेवढे इथे राहून गेलेल्या साहेबांनीही वाचले नसतील. १८५९ साली हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली. बाईंनी प्रश्नांची यादी करून लष्करी ठाण्यांना पाठवली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणसे किती, मेली किती? १८६३ च्या अहवालात निघाले की इथले गोरे शिपाई दर साल हजारी ६९ मरत होते. दहा वर्षांनी तोच आकडा १८ वर आला. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत आरोग्य-मंडळे नेमली गेली.

प्रथम त्यांचे लक्ष गोऱ्या शिपायापुरते होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आकडे माणसाला पुढे ओढतात. छावणीचे पाणी बाजारातून येते, बाजार गावाला लागून, गाव शेतावर, आणि शेत पावसावर व सावकारावर. असे करता करता बाई पाटबंधारे, दुष्काळ, कुळांचे हक्क आणि दख्खनच्या रयतेचे कर्ज इथपर्यंत पोचल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, विषय खेड्यांतली स्वच्छता. वेडरबर्नसाहेबांशी शेतकऱ्यांच्या पेढीविषयी लिहिणे चाले. बेहरामजी मलबारींच्या चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुण्यातली पत्रे लंडनच्या त्या खोलीत उघडली जात होती आणि अंथरुणावर बसून एक म्हातारी बाई त्यांना उत्तरे लिहीत होती, हे चित्र मला दिव्याच्या चित्रापेक्षा आवडते.

शाळांचेही तसेच. इंग्रजी वसाहतींत स्थानिक मुलांसाठी काढलेल्या शाळांतून मुले किती आजारी पडतात, किती मरतात, ह्याचे आकडे त्यांनी मागवले आणि १८६३ साली ते छापले. शाळा शिकवतात, पण कोंदट खोल्यांत डांबून शिकवतात, असा त्याचा रोख होता. मोकळी हवा आणि मैदान द्या, असे त्यांचे मागणे.

१८९१ साली वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी ऑक्सफर्डला संख्याशास्त्राच्या व्यावहारिक उपयोगाचे अध्यापन सुरू करावे म्हणून खटपट केली. फ्रान्सिस गाल्टन ह्या शास्त्रज्ञांना त्यांनी लांबलचक पत्र लिहिले. सरकारी कचेऱ्यांत आकड्यांचे ढीग पडलेले असतात, पण राज्य चालवणाऱ्यांना ते वाचता येत नाहीत, कारण विद्यापीठात ते कोणी शिकवत नाही. वीस वर्षे सक्तीचे शिक्षण दिले, त्यातले मुलांजवळ मोठेपणी किती उरले? शिक्षेने गुन्हे कमी होतात का? हिंदुस्थानची प्रजा श्रीमंत होत चालली की गरीब? ह्यांची उत्तरे मते देऊन मिळावयाची नाहीत, मोजून मिळतील, असा त्या पत्राचा आशय. योजना बारगळली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९११ साली, बाई गेल्यानंतर एका वर्षाने.

शेवटची काही वर्षे त्यांना दिसत नव्हते. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान स्त्रियांत पहिल्यांदा त्यांना मिळाला, तेव्हा त्यातले त्यांना किती कळले असेल कोण जाणे. १३ ऑगस्ट १९१० ला नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये त्या गेल्या. राजेरजवाड्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्याचा मान देऊ केला होता, घरच्यांनी तो नाकारला. हॅम्पशायरातल्या ईस्ट वेलो ह्या खेड्यात आईवडिलांजवळ त्यांना ठेवले. दगडावर पूर्ण नावही नाही, आद्याक्षरे आणि दोन तारखा.

चिटणीसबाईंनी दिलेल्या पानांपेक्षा माझे लिहिणे वाढलेच आहे, त्याबद्दल क्षमा असावी. एक काम तेवढे सांगून टाकते. मोतीबिंदूमुळे मला आता वहीतल्या बारीक रकान्यांचे दिसत नाही. येत्या जूनपासून बालवाडीची हजेरी आणि वजनाची वही कोणीतरी घ्यावयास हवी. हिशेब अवघड नाही, बेरीज-भागाकार आला की पुरे. नावापुढे गल्ली लिहिण्याचा रकाना मी आखून ठेवला आहे. ज्या भगिनीला वेळ असेल तिने कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर माझ्याकडे यावे, वही कशी वाचावयाची ते एकदा बसून दाखवीन.